तुपाच्या डब्यातलं जिअम

मसुरीहून परतताना सगळ्यांनी काही ना काही आणलं होतं. बाबांच्या शाळेतल्या शिक्षकांनी मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलेली ती सहल. कुणाच्या पिशवीत लोकरीची टोपी, कुणाकडे नक्षीची काठी, आणि मुख्याध्यापकांच्या बाईंनी तर आमच्या देऊळगाव राजात जन्मात कधी अंगावर घेता येणार नाही अशी शाल घेतली होती. माझ्या आईने झाड आणलं. उतारावरच्या एका छोट्या नर्सरीत दगडी पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या होत्या, तिथे तिला ते दिसलं. जमिनीला धरून पसरलेली लवदार पानं, त्यातून वर गेलेले तारेसारखे बारीक दांडे, आणि टोकाला खाली मान घातलेल्या कळ्या. उमललेलं फूल मात्र मान वर करून बघत होतं. शेंदरी रंगाचं, लहानशा गुलाबाएवढं, पाकळ्या जरा चुरगळलेल्या. नर्सरीवाल्या बाईने नाव सांगितलं, जिअम, आणि आम्ही कुठले ते विचारून हेही सांगितलं की तुमच्याकडे हे जगणार नाही. आईला कुणी नाही म्हटलं की संपलंच. दीड दिवस रेल्वेत आणि पुढे जालन्याहून एसटीत ते झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून आईच्या मांडीवर बसून आलं. ती मांडी म्हणजे माझ्या चार वर्षांच्या बहिणीची, निमाची, हक्काची जागा. ती सगळा रस्ता माझ्या मांडीवर रडत आली.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि पडवीपुढे आवार. आवारात कडुलिंबाचं मोठं झाड, तुळस, पाण्याचा हौद. माती काळी, पावसात चिखल होऊन चप्पल ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात निमाचा पाय अडकेल एवढी भेगाळणारी. तिच्यात जिअम लावायचं नाही हे आईने गाडीतच ठरवलं होतं. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन तिने खिळ्याने त्याच्या बुडाला भोकं पाडली, वर फुटक्या माठाच्या खापऱ्या टाकल्या, मग मुरूम, मग लिंबाखालचा कुजलेला पाला आणि थोडी माती. डबा ठेवला पडवीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. तिथे सकाळचं ऊन दहापर्यंत असे आणि नंतर भिंतीची सावली येई. बाबा विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी मागे उभं राहून दोन-तीन सूचना केल्या, त्या आईने ऐकल्या नाहीत. मला मात्र तिने हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी घालायची एकच रीत शिकवली. “बोट घालून पाह्य. बोटाले माती चिकटली त पाणी नाही. कोरडं निघालं त एक तांब्या. बस.” मी पुढे तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण कुंडीला पाणी किती घालावं यावर याहून शहाणं वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

त्या हिवाळ्यात झाडाला फूल आलं नाही. आई म्हणाली पुढच्या साली येईल. पुढच्या फाल्गुनात आई गेली. कावीळ झाली होती, आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्या आठ दिवसांबद्दल मला अजून लिहिता येत नाही, आणि आता या वयात येईल असंही वाटत नाही.

तेराव्याला आलेली आत्या राहिली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला अक्का म्हणत. ती दुसरबीडची, विधवा, मूलबाळ नाही. घर स्वतःचं, थोडी शेती दिराच्या ताब्यात. आठ दिवसांसाठी म्हणून तिने घराला कुलूप लावलं आणि अकरा वर्षं ते काढलं नाही. ती नसती तर आमचं काय झालं असतं, हा विचार मी तेव्हाही करत असे आणि दर वेळी अर्ध्यावर सोडून देत असे. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने जाग यायची. गोळ्यांची कढी ती अशी करायची की बाबा, जे आई गेल्यावर दोन महिने नुसते ताटातलं चिवडत बसत, ते पहिल्यांदा मागून घेऊन जेवले ते त्या कढीनेच. निमाच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, माझ्या फाटक्या परकराला पट्टी लावली. आणि तिच्याबरोबर तिचे नियमही घरात आले. त्यातला एक माझ्यासाठी होता. आई असताना त्या चार दिवसांत देवाला शिवायचं नाही, एवढंच होतं. माझं ते सुरूच झालं आई गेल्यानंतर, त्यामुळे मला जे शिकवलं ते आत्याने. चार दिवस पडवीत चटई, वेगळं ताट, कशाला हात लावायचा नाही. लोणच्याला नाही, पाण्याला नाही, झाडाला तर नाहीच, कारण झाड जळतं. बाबा नववीच्या वर्गात याच विषयावरचा धडा न लाजता शिकवत. ही नैसर्गिक गोष्ट आहे, विटाळ वगैरे काही नसतो, असं फळ्याकडे पाठ करून मुलामुलींना सांगत. घरी ते पडवीतून जाताना खाली बघून जात.

जिअम माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही, आलं. माझे चार दिवस असले की बाबा शाळेतून येऊन बोट घालून बघत आणि मला लांबूनच सांगत, आज कोरडं आहे, आज ओलं. आई गेल्यानंतर बाबा माझ्याशी जे काही बोलत ते बहुतेक या झाडाबद्दलच. तो उन्हाळा फार कडक गेला. पत्र्याचा डबा तापू नये म्हणून मी त्याला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा भिजवत असे. नळ पाच-सहा दिवसांनी यायचा, म्हणून माझ्या आंघोळीतलं एक तपेलं त्यात जाई. तरी पानं करपायला लागली. एका दुपारी बाबांनी बैठकीतला कूलर उचलला, पडवीत आणला आणि त्याचं तोंड डब्याकडे केलं. आम्ही घामाघूम होऊन आत बसलो आणि बाहेर एक झाड वाळ्याच्या वासाची गार हवा खात बसलं. आत्या म्हणाली की माणसं उकडून मेली तरी चालतील, या घरात झाडाले हवा पाहिजे.  पण दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरमध्ये पाणी आत्यानेच भरलं होतं, हे मी पाहिलं आहे आणि ते इथे लिहून ठेवलं पाहिजे.

झाड जगलं. थंडीत त्याने नवी पानं काढली आणि माघ संपता संपता पानांच्या मधोमध तीन दांडे वर आले, प्रत्येकाच्या टोकाला मान घातलेली कळी. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उकिडवे बसत. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. एका सकाळी ते आत्याला म्हणाले की एखादी कळी तोवर उमलली तर ते फूल ठेवू. आत्या चुलीपाशी होती. श्राद्धाला पांढरंच फूल लागतं.

“तांबडं फूल ठेवतं काय रे? पितर पानावरून उठून जातीन.”

“पिंडाले नाही, अक्का. फोटोसमोर ठेवू. तिनंच आणलं होतं ते.”

आत्याने भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मग म्हणाली, “ठेव मग.” आणि त्या दिवसापासून तीही जाता-येता कळ्यांकडे बघायला लागली. आमच्या घरात तेव्हा सगळ्यांना मिळून हवी असलेली अशी ती एकच गोष्ट होती.

श्राद्धाला आठ-नऊ दिवस होते. बाबांना दहावीच्या परीक्षेची ड्युटी लागली, बीबीच्या केंद्रावर. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून चार दिवस तिथल्या एका शिक्षकांकडे राहायचं ठरलं. निघताना त्यांनी डब्यात बोट घातलं आणि मला म्हणाले की परवापर्यंत पाणी लागायचं नाही. ते गेले त्याच दुपारी मी पडवीत चटईवर गेले. मी चौदा वर्षांची होते आणि माझं झाड माझ्यापासून पाच हातांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांना हे कळायचं नाही. गल्लीत एकच ओरड होते, सगळ्यांच्या मोटारी घुं करायला लागतात आणि तासाभरात पुढच्या सहा दिवसांची सोय करायची असते. त्यात आमच्याकडची आणखी एक रीत अशी की नळ आला म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते पाणी शिळं झालं. काल रात्रीपर्यंत तेच पाणी आपण जपून, तोंडाला तांब्या न लावता प्यालेलो असतो, पण ताज्याची धार लागली की रांजण, कळश्या, बादल्या सगळं ओतून, घासून नव्याने भरायचं. ते शिळं पाणी फेकवत नाही, मग जातं झाडांना. इतर वेळी ते लिंबाला जाई. त्या दिवशी आत्याच्या मनात कळ्या होत्या. तिने अख्खी बादली जिअमच्या डब्यात ओतली, ती काठावरून वाहून गेली, मग दुसरी ओतली. गोठ्यावाल्या शेजारणीकडून ताजं शेण आणून पाण्यात कालवून तेही घातलं. आणि बिचारं सावलीत खुरटलं म्हणून तो जड डबा कडेवर घेऊन आवारात तुळशीशेजारी उन्हात नेऊन ठेवला. कमरेला हात लावून तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून दिसतं.

मी चटईवरून सांगितलं. आधी हळू, मग मोठ्याने. एवढं पाणी चालत नाही, ऊन चालत नाही, ताजं शेण तर नाहीच. आत्या म्हणाली की तिने जन्मभर शेती केली आहे. मग मी निमाला पाठवलं. ती आता सहा वर्षांची होती, तिला विटाळ नव्हता. तिने जाऊन डब्यात बोट घातलं आणि मनगटापर्यंत चिखल घेऊन मला लांबून दाखवायला आली. आत्याने तिचा हात धुतला. दुपारपर्यंत पानं लोळली. आत्याला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी एक कळशी. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ्यांचे दांडेही वाकले, तशी ती पुन्हा तांब्या घेऊन निघाली.

“आत्या, नको ना. सडून राह्यलं ते.”

“तू गप बस. तहान नसती त पानं काऊन सुकली असती? अन् तिकडं पाहू नको. तुही नजर पडून राह्यली त्याच्यावर.”

मी भिंतीकडे तोंड करून बसले. हे मी का केलं, हे मला आजही सांगता येत नाही. मला ठाऊक होतं की माझ्या नजरेने काही होत नाही. बाबांनी शिकवलं होतं, पुस्तकात होतं. तरी मी भिंतीकडे तोंड केलं, कारण न जाणो. पाण्याची धार डब्यात पडल्याचा आवाज मात्र भिंतीकडे तोंड करून बंद होत नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

दुपारी आत्या बालाजीच्या देवळात कीर्तनाला गेली. निमाला घेऊन गेली. मी उठले. आवारात जाऊन डबा आडवा केला, पाणी काढून टाकलं, हाताने शेण उपसलं. बुडाची भोकं चिखलाने बुजली होती ती काडीने मोकळी केली. पानांच्या मुळाशी बोट लावलं तर ते मऊ लागलं, दाबलं की आत जात होतं, आणि वास येत होता. तरी डबा ओढत पडवीच्या सावलीत आणला. आत्या आली तेव्हा मी चटईवर होते, पण कोपरापर्यंत हात शेणामातीने भरलेले होते आणि डबा जुन्या जागी होता. तिने आरडाओरडा केला नाही. ती मटकन खाली बसली आणि रडली. झाडासाठी रडली, आईच्या फोटोसाठी रडली आणि माझ्यासाठीही रडली असेल. संध्याकाळी जेवायला वाढताना माझ्या भाकरीवर तिने लोण्याचा गोळा वरूनच टाकला, हात लागू न देता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. पिशवी न ठेवताच पडवीत गेले. कळ्या काळ्या पडल्या होत्या. ते बराच वेळ उकिडवे बसून होते, मग डबा कलता करून काहीतरी बघितलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सांगितलं की तिने पाणी घातलं, खत घातलं, लेकरासारखं सांभाळलं, पण पोरीनं बाहेरची असताना हात घातला. मी वाट बघत होते. मला खात्री होती. वर्गात जे सांगतात ते आता घरात सांगतील, फळा नाही, खडू नाही, तरी सांगतील. बाबा उठले, हात झटकले आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले,

“तू हात लावला होता काय?”

मी म्हटलं, “हाव.”

ते आत गेले. श्राद्धाला फोटोसमोर तगरीची पांढरी फुलं ठेवली. डबा पुढे कितीतरी दिवस लिंबाखाली रिकामा पडून होता. झाडावरून बाबांचं माझ्याशी जे बोलणं व्हायचं ते थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काही सुरू झालं नाही. मी पुढे बारावीला, मग जालन्याला कॉलेजात जीवशास्त्रच घेतलं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं सुकतं. हे मी परीक्षेत लिहिलं, पूर्ण गुण घेतले, आणि पुढे वर्गावर्गांतून शिकवलं. आणि पाळी कायमची जाईपर्यंत त्या चार दिवसांत मी एकाही कुंडीला हात लावला नाही. सासरी यातलं काही पाळत नसत. सासूबाई विचारायच्या, अगं, तुळस सुकली, पाणी का नाही घातलंस. मी म्हणायची, विसरले.

आता मी बुलडाण्यात राहते. इथली हवा जरा बरी. आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडेच होती आणि तिचं सगळं मी केलं. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. बाबा माझ्याजवळ असतात, नव्वदीला आले आहेत, ऐकू कमी येतं पण दिसतं चांगलं. मागच्या हिवाळ्यात मोबाइलवर काहीतरी बघताना ती खाली मान घातलेली कळी दिसली आणि मी पटकन बिया मागवल्या. साठी उलटलेल्या बाईने हे करावं का, असा प्रश्न पोरांना पडला होता. ट्रेमध्ये अकरा रोपं उगवली. फाल्गुन लागेपर्यंत चार राहिली. शिक्षिकेला सगळी कारणं ठाऊक असतात, त्याने रोपं जगत नाहीत. अशाच एका दुपारी बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते आणि मी उरलेल्या चारांच्या मातीत बोट घालून बघत होते. काय मनात आलं कोण जाणे, पन्नास वर्षांत मी कधी बोलले नव्हते ते बोलले. त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की आईचं ते झाड माझ्या हाताने गेलं नव्हतं, पाण्याने गेलं होतं, मुळं सडली होती.

“मले माहीत आहे,” बाबा म्हणाले. “त्याच दिवशी पाह्यलं होतं. डबा वाकवला त वास आला.”

मला आधी नीट कळलंच नाही. मग एवढा राग आला की ट्रे उचलून खाली फेकून द्यावा असं वाटलं. माझा आवाज चढला, शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी वळून बघितलं.

“मग मले काऊन विचारलं?”

बाबा रोपांकडे बघत होते. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, बहुधा फार वर्षांपासून.

“अक्का दारात उभी होती. तिचं नाव घेतलं असतं त सकाळी दुसरबीडच्या गाडीत बसून गेली असती ती. निमा सहा वर्षांची होती.” मग म्हणाले, “तू कुठं जाणार होती?”

त्यांचं बरोबर होतं. मी कुठेच जाणार नव्हते. बोटाला माती चिकटली होती, म्हणजे पाणी नको. ती पदराला पुसली आणि चार वाजले होते म्हणून त्यांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेले.